नॅरोबोटीत हिवाळा काढायचाय? आधी हे वाचा (गोव्यातल्या डिचोलीहून लिहितेय)

नॅरोबोट म्हणजे कालव्यावरची लांब, बारीक, आत घर असलेली बोट. आमची ५७ फुटी, लोखंडी, भाड्याची. जागा म्हणाल तर इंग्लंडात एव्हनक्लिफ म्हणून एक बारकं गाव आहे, बाथ शहराजवळ, केनेट अँड एव्हन कॅनलच्या काठावर. मुक्काम १ डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारीची अखेर. माणसं दोन, मी आणि नवरा. मालकाचं नाव लिहीत नाहीय, का ते खाली कळेलच.

रिव्ह्यूला एवढा उशीर का, तर तेव्हा मी नुसते फोटो टाकले होते. बर्फातली लाल-हिरवी बोट, धुरांड्यातून धूर, खिडकीत चहाचा कप वगैरे, आणि त्या फोटोंनीच घोळ केला. आमच्याकडे डिचोली घ्या, साखळी घ्या, म्हापसा घ्या, कुठल्याही वाड्यावर विचारा, कोणाचा तरी भाऊ नाहीतर भाचा इंग्लंडात स्विंडनला आहेच, आणि आता दर दोन महिन्यांनी त्यातल्या कोणाचातरी मेसेज येतो, "अगे ती बोट कितीला मिळाली, नंबर दे." मी प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळले, म्हणून हे एकदाच, सगळं. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

नवऱ्याला बाथमध्ये तीन महिन्यांचं काँट्रॅक्ट मिळालं होतं, माझं काम काय लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं. बाथमधली भाडी बघितली आणि दोघंही गप्प बसलो. मग ही जाहिरात दिसली, महिना ९५० पौंड, "सेंट्रल हीटिंग, उबदार, सर्व सोयींयुक्त". सर्व सोयींयुक्त हे शब्द वाचले की आमच्या कळंगुटच्या लॉजवाल्यांची आठवण यायला हवी होती मला, पण नाही आली.

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिळारीचा येतो, शेतीच्या पाण्याचा. हा तसा नव्हे. हा बोटी चालवायलाच खणलेला, १८१० साली पुरा झाला, रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल. मग रेल्वे आली आणि याला कोणी विचारेना, गाळ भरला, लॉक (पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद) मोडले, आणि मग लोकांनी वर्षानुवर्षं खपून तो परत चालू केला, १९९० ला राणी स्वतः येऊन गेली उद्घाटनाला. आता तिकडे इतक्या बोटी लागलेल्या असतात की काठाने चालताना एखाद्या वाड्यातून चालल्यासारखं वाटतं, कोणाचे कपडे वाळतायत, कोणाचा कुत्रा भुंकतोय, कोणी लाकडं फोडतंय.

नॅरोबोट म्हणजे खरोखरच नॅरो. रुंदी ६ फूट १० इंच, कारण जुन्या कालव्यांचे बरेचसे लॉक जेमतेम सात फुटांचे. केनेट अँड एव्हनचे लॉक चांगले दुप्पट रुंद आहेत, पण बोटीला बाकीच्या कालव्यांवरही जायचं असतं म्हणून ती बारीक ती बारीकच. आतून धरा सहा फूट. आपल्या कोकण रेल्वेचा डबा दहा फुटांच्या वर असतो, त्यावरून अंदाज करा. नवरा स्वयंपाकघरात उभा असेल तर मला बाथरूमला जाताना त्याला मिठी मारूनच पुढे सरकावं लागायचं, पहिले चार दिवस हे रोमँटिक असतं. पुढच्या टोकाला बसायची खोली आणि शेगडी, मग स्वयंपाकघर, मग बाथरूम, आणि अगदी मागे बेडरूम, आणि हा क्रम नीट लक्षात ठेवा कारण सगळी रडकथा या क्रमातच आहे. ऊब एका टोकाला, झोपायचं दुसऱ्या टोकाला.

आधी जे चांगलं ते सांगते. शेगडी. मोर्सो स्क्विरल, डेन्मार्कच्या कंपनीची, बिडाची, अंगावर खारीचं उठावाचं चित्र, उंचीला माझ्या गुडघ्याच्या थोडी वर. तिला पाचपैकी पाच, जमलं असतं तर सहा दिले असते. पण पहिल्या आठवड्यात ती माझ्या हातून चार वेळा विझली, आणि दोष तिचा नव्हता, माझा होता, कारण मी तिला चुलीसारखी वागवत होते, सारखं काहीतरी ढोसायचं, फुंकायचं, दार उघडून बघायचं. शेजारच्या बोटीवर एक आजोबा होते, सत्तरी गाठलेले, त्यांनी शिकवलं की लाकडाला हवा वरून लागते आणि कोळशाला खालून, म्हणून वरचं आणि खालचं अशी दोन वेगळी झाकणं असतात. लाकूड राखेच्या गादीवर जळायला खूश, कोळशाला मात्र खालची जाळी मोकळी हवी, पण जाळी जास्त हलवलीस तर अर्धवट जळालेला कोळसाच खाली पडतो, पैसे राखेच्या डब्यात. आणि रात्री झोपण्याआधी तोंडापर्यंत भरायची, खालचं झाकण जवळजवळ बंद करायचं, आणि बाई, झोपायचं. सकाळी झाकण उघडलं की पाच-दहा मिनिटांत आत लालभडक.

हे ऐकून मला हसूच आलं. माझी आजी रोज रात्री रांदणीतले, म्हणजे चुलीतले, इंगळे राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी तेच उकरून न्हाणीघरातलं भाण, म्हणजे पाण्याचा हंडा, तापवायला न्यायची. मी ते लहानपणी शंभर वेळा बघितलंय आणि शिकायला मात्र इंग्लंडला जावं लागलं.

कोळशाचं गणित भाड्यात धरू नका, वेगळं धरा. साधा दगडी कोळसा घरात जाळायला विकणं इंग्लंडात आता बंद आहे, पोत्यातला २०२१ पासून आणि सुटा २०२३ पासून, त्यामुळे बिनधुराचे गोळे मिळतात, बटाट्याएवढे काळे. आमचं २० किलोचं पोतं साधारण १५ पौंडांना पडायचं आणि कडक थंडीत अडीच दिवस पुरायचं. म्हणजे महिन्याचे सहज पावणेदोनशे पौंड, वर लाकडं वेगळी. पण हे सगळं विकायला येते ती पण एक बोटच! कोळसा, डिझेल, गॅस सगळं लादून एक जुनी बोट कालव्यावरून हळूहळू येते, आधी मेसेज टाकते, आपण छतावर उभं राहून हात करायचा, आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी भोंपू वाजवत येतो ना अगदी तसं. त्या बोटवाल्या जोडप्याला पण पाचपैकी पाच. बर्फात अडकले होते तेव्हा सुद्धा त्यांनी ट्रॉलीवर पोती ओढत आणून दिली लोकांना.

आता थंडी. सगळे थंडीचंच विचारतात. आम्ही १९ डिग्रीला माकडटोपी घालणारी माणसं, मी पण थंडीलाच घाबरून गेले होते, थर्मल काय, लोकरीचे तीन जोड काय. आणि खरं सांगते, थंडीचं काही एवढं नाही. शेगडी नीट चालली की पुढच्या खोलीत २५-२६ डिग्री, नवरा बनियनवर बसायचा. गाठ पडली ती आमच्याच जुलै महिन्याशी. ओल!

बोट म्हणजे लोखंडाचा डबा, काचा एकेरी. आत दोन माणसं श्वास घेतात, भात शिजतो, अंघोळ होते, ती सगळी वाफ कुठे जाणार, ती जाते सगळ्यात थंड जागी, म्हणजे खिडकीच्या फ्रेमवर, पलंगाखाली, कपाटाच्या मागच्या बाजूला, आणि तिथे पाणी होऊन बसते. सकाळी उठून खिडक्यांवरचं पाणी फडक्याने टिपून पिळायचं, वाटीभर निघायचं, आणि थंडीच्या लाटेत ते पण नाही, कारण खिडकीच्या आतून बर्फाची नक्षी. दहाव्या दिवशी मी गादी उचलून बघितली तर खालून ओलीचिंब आणि कोपऱ्यात काळे ठिपके. तो वास! तो वास मी डोळे मिटून ओळखला, आषाढात कपाटातून काढलेल्या चामड्याच्या चपलांचा वास, देवघरातल्या जुन्या पोथ्यांचा वास, मऊ पडलेल्या पापडांचा वास. साडेसात हजार किलोमीटर लांब येऊन मी परत पावसाळ्यातल्या डिचोलीत.

आणि म्हणून मी म्हणते, गोंयच्या माणसाला या बोटीत दिल्लीवाल्यापेक्षा सोपं जाईल. आपल्याला ओलीची सवय असते, आणि मुख्य म्हणजे आपल्याला तिचा राग येतो. तिकडे नवीन आलेले लोक आधी खिडक्या गच्च बंद करतात, मी पण पहिल्या रात्री तेच केलं, छताला जे गोल हवेचे झाकण असतात त्यात मोजे कोंबले. पूर्ण चूक. हवा खेळती ठेवायची, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, आणि वर शेगडी तापती ठेवायची, गरम आणि कोरडं असं दोन्ही हवं तर थोडी ऊब बाहेर सोडावीच लागते. गादीखाली फळ्यांच्या पट्ट्या आणि जाळीदार चटई घालायची. आमच्याकडे पावसात कपाटात बल्ब लावून ठेवतात ना, तो उपाय मला पहिला सुचला पण बल्बाला लाईट कुठून आणणार. मग कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, हवेतलं पाणी ओढून घेणारे, ते चार ठिकाणी ठेवले, आठवड्यात भरले. आणि शेगडीवर एक छोटा पंखा ठेवतात, त्याला बॅटरी नाही, लाईट नाही, खालच्या उष्णतेवरच वीज तयार होऊन फिरतो. मला आधी खेळणं वाटलं, पण तो नसला की सगळी ऊब छताला चिकटते आणि पाय गार, आणि तो असला तर निदान स्वयंपाकघरापर्यंत ऊब पोचते. बेडरूमपर्यंत नाही पोचत. बेडरूम ९ डिग्री, अख्खा डिसेंबर. शेवटी आम्ही गादी उचलून पुढच्या खोलीतच आणली, लग्नघरात झोपतात तसे जमिनीवर.

मग मालकाच्या "सेंट्रल हीटिंग"चं काय झालं विचाराल. डिझेलवर चालणारा हीटर होता, बटण दाबलं की विमानासारखा आवाज करत सुरू व्हायचा, दोन मिनिटं चालून बंद, परत बटण, परत बंद, आणि तिसऱ्यांदा तो स्वतःला कुलूपच लावून घेतो. कारण साधं आहे, पेटायला त्याला बॅटरीतून जोरात करंट ओढावा लागतो आणि बॅटरी खाली असेल तर तो रुसतो. बोटीला किनाऱ्याची वीज नव्हती. छतावर सोलर पॅनल होते, जाहिरातीत त्यांचा मोठा फोटो होता, पण डिसेंबरात तिकडे सूर्य आठ तास असतो आणि तो पण झाडांच्या शेंड्याला टेकून जातो, पॅनलवर वर पांढरं दहिवर. मग उरतं काय, इंजिन चालवा. इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचं नाही असा नियम आहे, कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचा, शेजाऱ्यांच्या झोपेसाठी, आणि योग्यच आहे. मालकाला फोन केला तर म्हणाला बॅटरी चार्ज ठेवा. बॅटरी जुन्या होत्या, संध्याकाळी चार्ज करा आणि पहाटे १२ व्होल्टच्या खाली. अशा बॅटरी अर्ध्याच्या खाली नेल्या की मरतात हे पण मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं, मालकाने नाही.

१० डिसेंबरचा शनिवार मी विसरणार नाही. थंडीची लाट सुरू होऊन तीन-चार दिवस झाले होते, आणि दुपारी तीनला वर्ल्डकपात पोर्तुगाल-मोरोक्को. नवरा पोर्तुगालवाला आहे (डिचोलीत जन्मून पोर्तुगाल, माझ्या सासऱ्यांना हे अजून पचलेलं नाही, गोवा पोर्तुगीजांकडून सुटला त्या ६१ साली ते शाळेत होते). त्याने लॅपटॉप लावला, वायफायचा डबा लावला, इंजिन बंद कारण आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नाही. पोर्तुगाल एक शून्य हरलं आणि बॅटरी पण. संध्याकाळी दिवे पिवळे झाले, पाण्याचा पंप घरघरून थांबला, आणि त्याच रात्री इंग्लंडसुद्धा फ्रान्सकडून हरलं त्यामुळे आजूबाजूच्या कुठल्याही बोटीवर मदत मागायला जायची सोय राहिली नाही.

त्यानंतर कालवा पुरता गोठला. आधी कडेला काचेसारखी साय, मग एका सकाळी उठून बघितलं तर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं. मोबाईल उणे ७ दाखवत होता. बदकं बर्फावरून घसरत चाललेली. पोरं दगड फेकायची आणि तो दगड टणटण उड्या मारत जाताना बर्फातून असा काही आवाज यायचा, प्यूं प्यूं, सिनेमातल्या बंदुकीसारखा, मी तर पाऊण तास तेच करत बसले. रात्री बोट बर्फात घट्ट धरलेली असायची, जरासुद्धा हलत नाही, आणि मध्येच लोखंडातून कण्हल्यासारखं काहीतरी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रामरक्षा म्हटली, खोटं कशाला बोलू.

सुंदर आहे सगळं. पण गोठलं म्हणजे बोट हलत नाही, आणि बोट हलत नाही म्हणजे पाण्याच्या नळापर्यंत जात नाही, आणि संडासाची टाकी रिकामी करायच्या जागेपर्यंत पण जात नाही, आणि त्या दोन्ही गोष्टी शेजारच्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावच्या लॉकपाशी, दीड मैलावर. बोट जबरदस्तीने काढून बर्फ फोडत जाता येतं, एकाने ते केलं, काच फुटल्यासारखा आवाज करत गेला, आणि काठावरच्या सगळ्यांनी त्याला अशा शिव्या घातल्या की विचारू नका. कारण तुटलेल्या बर्फाच्या कडा धारदार असतात, बोटीच्या बुडाला जो डांबराचा काळा थर असतो तो पाण्याच्या रेषेवर खरवडून जातो, आणि बाजूला फायबरची बोट लागली असेल तर तिला भोकही पडू शकतं.

पाण्याची टाकी मोठी होती, नाकाच्या बाजूला, चारशे लिटर तरी असेल, आणि ती गोठत नाही कारण बोटीचं बूड बर्फाखालच्या पाण्यात असतं. पण आम्ही रोज अंघोळ करणारी माणसं! ते पाणी पाच दिवसांत संपवलं आणि आजोबांनी ऐकून कपाळाला हात लावला, त्यांना तेवढंच पाणी तीन आठवडे जायचं. मग काय, १० लिटरचे कॅन, ट्रॉली, आणि किटलीत गरम पाणी घेऊन जायचं, कारण नळ पण गोठलेला असायचा, त्याच्यावर आधी गरम पाण्याचा अभिषेक करायचा मग तो प्रसन्न व्हायचा.

संडासाचं लिहू का नको असं झालंय, पण नाही लिहिलं तर रिव्ह्यू खोटा होईल. बोटीत कॅसेट असते, म्हणजे खाली २० लिटरची टाकी, चाकावाली, दोन माणसांना तीन दिवस पुरते, मग लाल दिवा. ती ओढत न्यायची आणि ठरलेल्या जागी ओतायची. बाकीच्या सगळ्या बोटवाल्यांकडे दोन-तीन कॅसेट जादा असतात. आमच्याकडे एकच. मालकाला विचारलं तर म्हणे दोन माणसांना एक बस होते. बर्फाळ पायवाटेवर दीड मैल ती भरलेली टाकी ढकलत नेणारा माझा नवरा, एमएस्सी फिजिक्स, हे चित्र मी जन्मभर जपून ठेवणार आहे. एव्हनक्लिफला छोटंसं स्टेशन आहे, गाडी हात दाखवला तरच थांबते, आमच्या कदंबा बससारखी, आणि ब्रॅडफर्ड पुढचंच स्टेशन. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला आपण ही ट्रेनने नेऊया का. मी म्हटलं, तू ने, मी दुसऱ्या डब्यात बसेन आणि तुला ओळखत नाही म्हणून सांगेन.

गॅसचं एक बरं होतं. मालकाने प्रोपेन ठेवला होता, याचा त्याला एक मार्क. थंडीत ब्युटेन घेऊ नका, शून्याच्या खाली तो सिलिंडरात द्रवच राहतो, नळी उघडली तरी शेगडी पेटत नाही, प्रोपेनचं तसं नाही, तो उणे ४२ पर्यंत वायू होतो. पण जेवण मी गॅसवर कमीच केलं, कोळशाच्या शेगडीचं सपाट डोकं आयतं तापलेलं असायचं. त्यावर उकड्या तांदळाची पेज रात्रभर ठेवायची, सकाळी मिस्कुटाबरोबर, म्हणजे कैरीच्या लोणच्याबरोबर. स्विंडनहून नवऱ्याच्या मामेभावाने सुरण, कणगी (एक कंद) आणि नारळाचं दूध आणलं, तिरफळं मी घरून नेली होती, त्याचं खतखतं (आमची मिसळीची भाजी) मी सकाळी ठेवलं ते संध्याकाळी उतरवलं, आणि असं खतखतं मला आमच्या गॅसवर परत कधी जमलेलं नाही. खोबरेल तेलाची बाटली मात्र पूर्ण तीन महिने दगड. शेगडीजवळ ठेवायची, मग केसाला.

एक गोष्ट गमतीने लिहिता येत नाही. लाटेच्या मधल्या एका रात्री हवा अगदी पडलेली होती, धूर वर जायला तयार नव्हता, मी दार उघडून कोळसा भरत होते आणि छताचा अलार्म किंचाळायला लागला. कार्बन मोनॉक्साईड. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आम्ही दोघं नाईट ड्रेसवर बाहेर, उणे तापमानात, सगळी दारं उघडी टाकून काठावर उभे, आणि आजोबा कोट घेऊन धावत आले. राहायच्या बोटीवर हा अलार्म २०१९ पासून सक्तीचा आहे, आमच्या बोटीत होता म्हणून मी हे टाईप करतेय. बोट बघायला गेलात तर पहिलं त्याचं बटण दाबून बघा, मग खिडकीतून व्ह्यू बघा. आणि ते मोजे... ते मी तोपर्यंत काढले होते, देवाची कृपा.

आजोबांबद्दल थोडं. ते १९६२-६३ च्या हिवाळ्यात दहा वर्षांचे होते, तो हिवाळा तिकडे अजून लोकांच्या तोंडी असतो, कालवे आठवडेच्या आठवडे गोठलेले, फेब्रुवारी सरला तरी काही ठिकाणी सुटले नव्हते. तेव्हा या बोटी मालाच्या असायच्या, कोळसा वाहायच्या, आणि अख्खं कुटुंब मागच्या एवढ्याशा केबिनीत. कोळसा भरलेल्या बोटी बर्फात अडकून पडल्या, गिऱ्हाईकं लॉरीकडे गेली ती परत आलीच नाहीत, आणि त्याच वर्षी सरकारी बोटींचा बहुतेक सगळा धंदा बंद केला. ते हे सांगत होते आणि आम्ही त्यांच्या केबिनीत कोको पीत होतो, आणि मला आपल्या गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हाच्या, मांडवी नदीत उभ्या राहिलेल्या खनिजवाहू बार्जी आठवत होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी मोबाईलवर बार्जीचा फोटो बघितला, बराच वेळ, आणि विचारलं की किती टन नेते ही.

१८ तारखेला हवा एकदम फिरली, पाऊस आला, त्या दिवशी फायनल आम्ही पबात बघितली, नवऱ्याने मेस्सीला माफ केलं. १९ ला सकाळी बर्फाला भेगा पडायला लागल्या. गोव्याचा मुक्तीदिन! मी छतावर उभी राहून जोरात "जय गोमंतक" ओरडले, शेजारच्या कुत्र्याने तेवढी दाद दिली.

पण खरं नुकसान बर्फ वितळल्यावर कळतं. पाईप गोठतो तेव्हा फुटतो आणि सुटतो तेव्हा गळतो. स्वयंपाकघराच्या नळाचं पितळ चिरलं होतं, बेसिनखालचं कपाट भरून पाणी. थंडीच्या रात्री कपाटांची दारं उघडी ठेवायची म्हणजे आतल्या पाईपांना ऊब लागते, आणि बोट सोडून जायचं असेल तर पाणी पूर्ण काढून टाकायचं, या दोन गोष्टी बोटवाल्यांत शेंबड्या पोराला माहीत असतात. मालकाने चार पानांचं वेलकम लेटर दिलं होतं, त्यात वाईन ग्लास कुठे आहेत ते होतं, हे नव्हतं. आणि फेब्रुवारीअखेर डिपॉझिटमधून त्या नळाचे १२० पौंड कापले. मी भांडले, इंग्रजीत भांडायला मजा येत नाही तरी भांडले, त्याने ४० परत केले.

तर मार्क. शेगडी पाच. जागा पाच, जानेवारीत धुक्यातून एव्हनक्लिफचा तो दगडी पूल दिसतो, ज्याच्यावरून कालवाच नदी ओलांडतो, त्याच्यासाठीच पाच. शेजार सहा. बोट तीन. मालक एक, तो पण प्रोपेनसाठी. नवरा परत जायला तयार आहे, मी म्हटलंय मे महिन्यात गेलो तर बघू, इथे उकडतं तेव्हा.

जाणार असाल तर मालकाला हे आधी विचारा: बॅटरी किती वर्षांच्या आहेत, कॅसेट किती आहेत, चिमणी शेवटची कधी साफ केली. तिन्हीचं उत्तर "काळजी करू नका" असं आलं तर दुसरी बोट बघा. आणि नंबर मागताय ना सगळे, कोळशाच्या बोटवाल्यांचा आहे माझ्याकडे, तो देते.